पाखाडीच्या तळाशी बसलेली तुळसा

तुळसा सावर्ड्याजवळच्या एका वाडीतली, कुणब्याच्या घरची. तिचा नवरा शिवा मुंबईला गिरणीत होता. लग्नानंतर तीन वर्षं त्याची पत्रं आली, मग पत्रांच्या जागी शिमग्याला येणाऱ्या माणसांच्या तोंडी निरोप आले, आणि पुढे पुढे ती माणसंच तुळसाला बघून वाट बदलायला लागली. शिवाने परळला दुसरा संसार मांडला होता. सासूने लेकाला बोल लावला नाही, सुनेला लावला. तुळसाला घरात ताट मिळायचं, पण वाढलं जायचं नाही, पायाने सारावं तसं पुढे सरकवलं जायचं. दोन पावसाळे ती त्या ताटातलं जेवली. तिसऱ्या वर्षी भात झोडून झाल्यावर एक लुगडं आणि विळा एवढंच घेऊन ती रत्नागिरीला जाणाऱ्या बैलगाडीच्या मागून चालत निघाली. पोटी मूल नव्हतं. एरवी त्याचं तिला दुःख होतं, त्या दिवशी त्याचीच सोय झाली.

शहराबाहेरच्या टेकाडावर धर्मबोधिनी पाठशाळा होती. खालच्या रस्त्यापासून वरपर्यंत जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी, वर चिरेबंदी इमारत, मागे विहीर, केळी आणि पोफळी. दूरदूरचे विद्यार्थी तिथे राहून वेद, व्याकरण, धर्मशास्त्र शिकायचे. तुळसाला तिथे बाहेरचं काम मिळालं. बाहेरचं म्हणजे खरोखरच बाहेरचं. अंगण झाडायचं, जोतं सारवायचं, विहिरीचं पाणी काढून झाडांना घालायचं, धुणं धुवायचं. उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही. जेवण मागल्या पडवीत पत्रावळीवर. तुळसाला त्यात वावगं वाटलं नाही. सकाळी आतून मंत्र ऐकू यायला लागले की ती झाडू थांबवून क्षणभर उभी राहायची. अर्थ कळायचा नाही, पण बरं वाटायचं. जिथे इतकं देवाचं नाव घेतात तिथे आपल्याला कोणी हिडीसफिडीस करणार नाही, असं तिला वाटायचं, आणि पहिली तीन वर्षं ते खरंही ठरलं.

एकोणीसशे सत्तावीस साली पाठशाळेने स्त्रीवर्ग काढला. पाठशाळेच्या मंडळाचे अध्यक्ष रावसाहेब म्हणून एक पेन्शनर मामलेदार होते. त्यांनी भाषण केलं की विधवा भगिनींनी घरोघर पोळपाट लाटणं बडवीत आयुष्य काढण्यापेक्षा पुराण सांगावं, कीर्तन करावं, मानाने पोट भरावं. भाषण चांगलं होतं. सहा जणी आल्या, वीस ते तिशीच्या. त्यांची राहायची सोय स्वैपाकघरालगतच्या दोन खोल्यांत झाली, आणि त्यांना शिकवायचं काम अनंतशास्त्र्यांकडे गेलं.

अनंतशास्त्री पन्नाशीचे. गोरे, भरदार, आवाज असा की देवळात पुराणाला बसले तर मागच्या ओट्यावरच्या माणसालाही शब्द न् शब्द लागावा. शहरातल्या बायका त्यांच्या पाया पडायला रांग लावायच्या. तुळसाही एकदा लांबून पाया पडली होती.

सहा जणींत सावित्री सगळ्यांत लहान. पावस गावाकडची. नवऱ्याला तिने धड पाहिलंही नव्हतं तेव्हाच तो पटकीने गेला. दिराने 'शिकून येऊ दे, चार घरी पुराण सांगेल' म्हणून तिला इथे आणून पोचवली होती. विधवेचं लाल आलवण नेसलेली, बारीक चणीची. पण ओवी म्हणायला लागली की तुळसाचा हात धुण्यावर तसाच राहायचा. तीच एकटी तुळसाशी बोलायची. विहिरीवर आली की विचारायची, "तुळसे, आज जेवलीस का गो?" इतकंच. पण गेल्या कित्येक वर्षांत ते तुळसाला कोणी विचारलं नव्हतं.

दुपारी जेवणं झाली की पाठशाळा आडवी व्हायची. तेवढ्या वेळात अनंतशास्त्री एकेकीला संथा द्यायला पोथ्यांच्या खोलीत बोलवायचे. खोली मागच्या बाजूला, तिला एक खिडकी, खिडकीखाली केळी. एका फाल्गुनातल्या दुपारी तुळसा केळींना पाणी घालत होती, तेव्हा आतून सावित्रीचा आवाज आला. ओवीचा नव्हे.

"शास्त्रीबोवा, हात सोडा. मी पाया पडत्ये तुमच्या."

मग शास्त्रीबोवांचा आवाज, अगदी शांत, पुराणात असतो तसाच. "गुरूपाशी लाज धरणं हा अहंकार आहे, सावित्री."

तुळसाच्या हातात भरलेला हंडा होता. तिने तो उचलून भिंतीच्या चिऱ्यावर घातला. असा आवाज झाला की पोफळीवरचे कावळे उठले. आत सगळं थांबलं, कडी निघाली, आणि पदर धरून सावित्री पडवीतून धावत गेली. थोड्या वेळाने शास्त्रीबोवा खिडकीशी आले. त्यांनी पोचा आलेल्या हंड्याकडे पाहिलं, मग तुळसाकडे.

"पडला?" त्यांनी विचारलं.

"पडला," तुळसा म्हणाली.

त्या दिवसापासून तिने धुण्याची वेळ बदलली. नेमकी दुपारची वेळ धरून ती त्या खिडकीखाली धोंडा मांडून कपडे आपटायला लागली. वर्गातली कोणीही आत गेली की तुळसाचं धुणं सुरू. धूत असताना ती मोठ्याने बोलायची, कावळ्यांशी, केळींशी, कोणाशीही. पंधरा दिवस हे चाललं. सोळाव्या दिवशी शिपाई महिपत येऊन धोंडा उचलून घेऊन गेला. शास्त्रीबोवांच्या अध्ययनात व्यत्यय येतो, म्हणून धुणं यापुढे ओढ्यावर न्यायचं, असा हुकूम झाला.

तेव्हा तुळसा गंगाकाकूंकडे गेली. गंगाकाकू पाठशाळेच्या स्वैपाकीण. केस काढलेल्या, वाकलेल्या, तोंडाने फटकळ. तुळसाने पडवीखाली उभं राहून सगळं सांगितलं. गंगाकाकूंनी तांदूळ पाखडणं थांबवलं नाही.

"ऐकलंस ते विहिरीत टाक," त्या म्हणाल्या.

"काकी, ती पोर मरंल."

"मरत नाही कोणी. ह्या चुलीपाशी मी अठरा वर्षं बसल्ये. मी आले तेव्हा शास्त्रीबोवाही तरुण होते नि मीही. मी कोणाला सांगितलं? नाही. म्हणून अजून इथे आहे." सूप खाली ठेवून त्यांनी हातावरचा कोंडा झटकला. मग म्हणाल्या, "मी काय करायचं ते करत्ये. दुपारच्याला डाळ निवडायला हाका मारून बोलावत्ये एकेकीला. रोज कुठून आणू डाळ?"

तुळसाला तेव्हा कळलं की आपण दगडावर धुणं आपटत होतो तसं हीही काहीतरी आपटतेच आहे. पण डाळ आणि दगड ह्यांनी किती दिवस भागणार? अधिकारी माणसं आहेत, मंडळ आहे, रावसाहेबांसारखा न्यायनिवाडा केलेला माणूस आहे. त्यांना माहीतच नसेल तर ते तरी काय करतील? हे तुळसाला मनापासून पटलं होतं. पुढे आयुष्यभर तिला सगळ्यांत जास्त राग आला तो स्वतःच्या ह्या भाबडेपणाचा.

ती सावित्रीच्या मागे लागली. विहिरीवर भेटली की तेच.

"बाय, तुमी लिवा. तुमाला लिवता येतं. मना आलं आसतं तर मीच दिलं आसतं लिवून."

"लिहून काय होणार गो? ज्यांच्या हाती द्यायचं ते त्यांच्याच पंक्तीला बसतात."

"मी सांगीन ना. मी ऐकलाय माज्या कानांनी."

"तुझं कोण ऐकणार, तुळसे?"

"देवाची जागा हाय ही. आयकतील."

सावित्री महिनाभर नको नको म्हणाली. मग एक दिवस पुन्हा तिला पोथ्यांच्या खोलीत जावं लागलं. त्या दिवशी तुळसा ओढ्यावर होती. संध्याकाळी सावित्री विहिरीवर आली, आणि काही न बोलता तिने नुसतं तुळसाच्या खांद्यावर डोकं ठेवलं. अंगाला अंग लागलं, आता पुन्हा आंघोळ करावी लागेल, हेही तिच्या ध्यानात राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने अर्ज लिहिला. सरळ, मोजक्या शब्दांत. कोणत्या दिवशी, कुठे, काय. आणि शेवटी, आवारातील नोकर तुळसा हिने पहिल्या खेपेचं स्वतः ऐकलं आहे.

मंडळाची बैठक एका रविवारी सकाळी भरली. सभामंडपात सात जण गाद्यांवर बसले. अनंतशास्त्रीही बसले, कारण तेही मंडळाचे सभासद होते. कोपऱ्यात कारकून विठूनाना कागद घेऊन. वर्गातल्या बायका दाराआड. तुळसा खाली अंगणात, उन्हात.

आधी गंगाकाकूंना विचारलं. त्या दाराआडूनच बोलल्या. "मी सोवळ्यात असत्ये. मला बाहेरचं काही ठाऊक नाही." आवाज इतका कोरडा होता की तुळसाने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

मग तुळसाची पाळी आली. रावसाहेबांनी आवाज चढवला नाही. तिच्याशी ते समजुतीने बोलत होते.

"तू खिडकीपाशी कशाला गेलीस?"

"केळींना पानी घालाय."

"आणि हंडा भिंतीवर आपटलास."

"व्हय. बायवर हात टाकलानी शास्त्रीबोवांनी. ती रडत हुती."

"ते नंतर पाहू. भिंतीला तुझा स्पर्श झाला? आत पोथ्या असतात हे तुला माहीत होतं?"

तुळसाला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा ती म्हणाली, "त्या भिंतीखालचं जोतं दर पंधरवड्याला मीच सारवतंय, रावसायब. चार वर्सं."

मंडळींत चुळबुळ झाली. मग पाऊण तास त्यावर चर्चा चालली. चार वर्षं पोथ्यांच्या खोलीच्या भिंतीला कोण हात लावतंय ह्याकडे कोणाचंच लक्ष कसं नाही, शुद्धी करावी लागेल की नुसतं गोमूत्र शिंपडून चालेल. अनंतशास्त्र्यांनी ग्रंथाधार सांगितला. तोही शांतपणे, स्पष्ट उच्चारात. तुळसा उन्हात उभी राहून ऐकत होती, आणि तिच्या लक्षात आलं की सावित्रीचा अर्ज रावसाहेबांच्या मांडीशी पालथा पडलेला आहे.

"रावसायब, कागूद तरी वाचा तिचा," ती म्हणाली.

"वाचला आहे. तुला विचारलं तेवढं सांग."

विठूनानांनी कागदावर काय लिहिलं ते तुळसाला वाचता येत नव्हतं. ठराव काय झाले ते मात्र आठ दिवसांत सगळ्यांना दिसले. पोथ्यांच्या खोलीची खिडकी चिरे लावून बुजवली. स्त्रीवर्गातल्या बायकांनी नोकरमाणसांशी बोलू नये आणि दुपारी विहिरीवर जाऊ नये, असा नियम झाला. सावित्रीची प्रकृती अभ्यासाला मानवत नाही, असं दिराला कळवलं. तो येऊन तिला घेऊन गेला. पाखाडी उतरताना तो पुढे आणि ती मागे चालत होती, आणि वर माडीच्या खिडकीशी बसून शास्त्रीबोवा विद्यार्थ्यांना संथा देत होते. तुळसाला त्याच संध्याकाळी कामावरून काढलं. महिपत सांगायला आला तेव्हा खाली बघत म्हणाला, "गो तुळसे, तू तरी कनाला पडलीस ह्यात?"

तुळसा बंदराजवळच्या मिरकरवाड्यात गेली. तिथे मालन नावाची खारव्याची बायको मासळी सुकवायची. तिला हाताखाली बाई हवी होती. कोण, कुठली, का आलीस, हे मालनने विचारलं नाही, पण पहिल्याच दिवशी आपल्या शेजारी बसवून जेवायला वाढलं. चार वर्षं देवाच्या दारात आपण मागल्या पडवीत जेवलो, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा खुपलं.

पण तिचा जीव पावसकडे लागला होता. वैशाखात एका दिवशी ती निघाली. भाट्याची खाडी तरीतून ओलांडली आणि चालत, विचारत विचारत सावित्रीच्या सासरी पोचली. घरात आंब्यांची घाई होती. मागच्या खोपीत सावित्री एकटी अढीतले आंबे उलटेपालटे करत होती. पेंढ्याची कुसं लागून हात लाल झालेले. तुळसाला बघून ती उठली नाही.

"बाय, मी तुळसा."

"ओळखलं."

तुळसा खोपीच्या तोंडाशी बसली. म्हणाली, "ओव्या म्हणतंव की नाय अजून?"

सावित्रीने हातातला आंबा नीट पेंढ्यात ठेवला. "इथे सगळ्यांना ठाऊक आहे मी का परत आल्ये. शास्त्रीबोवांचं कोणी काही म्हणत नाही. जाऊबाई मला पोरांना हात लावू देत नाहीत. दीर माझ्याकडे बघतात ते, मी आता तसलीच आहे, असं धरून बघतात. रात्री खोलीला आतून पाट लावून निजत्ये मी." ती सगळं एका सुरात बोलली. "आणखी वर्षभर कळ काढली असती, तर दाखला मिळाला असता. कुठल्यातरी दूरच्या गावी पुराण सांगून राहिले असते. तू लिही लिही म्हणालीस."

तुळसा खाली पडलेली पेंढ्याची काडी मोडत बसली.

"तू वाईट नाहीस गो," सावित्री म्हणाली. "पण तू सांगायला लावलं नसतंस तर बरं झालं असतं. आता जा. कोणी पाहिलं तर मला विचारतील."

तुळसा परत निघाली. तरीची वेळ चुकली म्हणून खाडीच्या काठी कितीतरी वेळ बसून राहिली. सावित्री म्हणाली ते खोटं नव्हतं. तिने ते उलटून पालटून पाहिलं, कुठूनही खोटं निघेना. शब्द आपला गेला, पण भोग तिचा झाला. आता तोंड मिटून मासळी सुकवत बसलं तरी सावित्रीची खोपीतून सुटका नव्हती. पण पाठशाळेत अजून पाच जणी होत्या, आणि आषाढात नव्या येणार होत्या.

त्या आषाढापासून तुळसा पाखाडीच्या तळाशी बसायला लागली. मालनकडची सुकट टोपलीत घेऊन ती सकाळीच यायची आणि पहिल्या पायरीच्या बाजूला इरलं टेकवून बसायची. वर जाणाऱ्या बाईमाणसाला ती हाक मारायची.

"बाय, पाठशाळंत ऱ्हावाय आलंव? मग एक आयका. दुपारच्या टायमाला एकटी पोथ्यांच्या खोलीत जाव नका. कोन बी बोलवू दे."

कोणी ऐकायचं, बहुतेक ऐकायचे नाहीत. सोबतीला आलेला बाप किंवा भाऊ "हो बाजूला, विटाळ करतेस वाटेत" म्हणून छत्री उगारायचा. एका म्हाताऱ्या सासऱ्याने तिच्या टोपलीत थुंकलं. सगळ्या रत्नागिरीत ती वेडी म्हणून ठरली. शास्त्रीबोवांवर डाव धरलेली, कामावरून काढली म्हणून सूड घेणारी. शास्त्रीबोवा स्वतः रोज त्याच पायऱ्यांवरून देवळात पुराणाला जायचे. तिच्या बाजूने जाताना त्यांची चाल कधी बदलली नाही. तेच तुळसाला सगळ्यांत असह्य व्हायचं.

मंडळाने पोलिसांत अर्ज दिला. अर्जात तुळसा काय बोलते ह्याचा उल्लेख नव्हता. धर्मसंस्थेच्या वाटेवर सुक्या मासळीची दुर्गंधी येते, एवढंच होतं. हवालदार आला, त्याने टोपली उचलायला लावली. दुसऱ्या दिवशी तुळसा अळू, आमसुलं आणि चिंच घेऊन त्याच जागी बसली. हवालदार पुन्हा आला, टोपलीत वाकून बघून म्हणाला, "ह्याला काय वास नाय," आणि थोडी चिंच घेऊन गेला.

असं किती वर्षं चाललं म्हणावं? पाच तरी. त्या वर्षांत फक्त एकच बाप अर्ध्या पाखाडीवरून मुलीला घेऊन मागे फिरला. राजापूरकडचा गरीब भिक्षुक होता. परत खाली आला, तुळसासमोर उभा राहिला, "बरं झालं सांगितलंस" म्हणाला आणि लेकीची वळकटी पुन्हा डोक्यावर घेऊन चालू लागला. तुळसा त्याच्या मागे रस्ता संपेपर्यंत बघत राहिली. त्या मुलीचं पुढे काय झालं, तिला शिकायला कुठे मिळालं की नाही, हेही मनात आलंच. एकीला वाचवलं म्हणजे तिला पुन्हा चुलीपाशी धाडलं, असाच त्या वाचवण्याचा अर्थ होता.

आणि एक विमला. चुणचुणीत, उंच, बोलायला धीट. वर्गात दाखल झाल्यावर दोन महिन्यांनी ती आमसुलं घ्यायला म्हणून खाली आली. आमसुलं निवडता निवडता म्हणाली, "तुम्ही सांगितलंत ते मी सगळ्यांना सांगितलं. आम्ही आता दोघीदोघीच जातो. एकीला बोलावलं तरी दुसरी दाराशी जाऊन बसते, मुद्दाम मोठ्याने पाठ करत."

तुळसाला आजवर कोणी तुम्ही म्हणालं नव्हतं. ती म्हणाली, "मग?"

"मग काय, शास्त्रीबोवा चिडतात. चिडेनात का."

दोन वर्षं त्यांनी तसं निभावलं. पुस्तकातला नियम नव्हता, कोणी ठराव केला नव्हता, सात बायकांनी आपापसांत ठरवलेलं. गंगाकाकूंनी स्वैपाकघराचं मागचं दार दुपारभर सताड उघडं ठेवायला सुरुवात केली. विचारलं तर म्हणायच्या, धूर होतो. पाठशाळेच्या सबंध आयुष्यात बायकांनी निर्भयपणे काढलेली एवढी दोनच वर्षं. परीक्षा आली तेव्हा अनंतशास्त्र्यांनी सातही जणींना नापास केलं. शेरा दिला की ह्या विद्यार्थिनी एकाग्र नाहीत आणि गुरूंविषयी त्यांच्या मनात आदर नाही. मंडळाने तेहेतीस साली स्त्रीवर्ग बंद केला. कारण दिलं, शिस्तीचा अभाव. विमला जाताना पाखाडीवर थांबली. तुळसाच्या हातावर तिने हात ठेवला, आणि कुठे जातेय ते न सांगता गेली. तिलाही ते नक्की ठाऊक नसावं.

त्याच साली शहरात सहभोजनांची लाट होती. सगळ्या जातींची माणसं एका पंक्तीला बसून जेवत होती, आणि कोण बसलं, कोण नाही, ह्यावरून घराघरांत भांडणं पेटली होती. पाठशाळेचा कारकून विठूनाना, भित्रा, कधी कोणाच्या अध्यात ना मध्यात, तो एका रविवारी अशा पंक्तीला जाऊन जेवला. सोमवारी सकाळी दहाला मंडळ बसलं. साक्षी झाल्या. त्याच्या डाव्या हाताला कोण बसलं होतं, वाढपी कोण होता, जिलबी पुन्हा मागून घेतली का, इथपर्यंत सगळं विचारलं आणि सगळं लिहून घेतलं. बारा वाजायच्या आत विठूनाना नोकरीतून गेला होता.

पाखाडी उतरून तो खाली आला, आणि तुळसाच्या टोपलीशी येऊन सरळ धुळीत बसला. टोपी काढून त्याने गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "तुळसाबाई, तुमचा जबाब मी लिहिला नव्हता."

"कंचा?"

"त्या वेळचा. सावित्रीबाईंचा. तुम्ही बोललात ते मी ऐकलं. कागदावर लिहिलं ते एवढंच, की आवारातले नोकर पोथ्यांच्या खोलीपर्यंत येतात, ह्याचा बंदोबस्त व्हावा. मला तसं लिहायला सांगितलं. मी लिहिलं."

तुळसाने त्याच्याकडे पाहिलं. तिला राग यायला हवा होता. पण पाच वर्षं ज्या कागदाच्या आशेवर तिने मनातल्या मनात भांडण चालू ठेवलं होतं, तो कागदच नव्हता, हे कळल्यावर रागालाही बसायला जागा उरली नाही.

"आता लिवा," ती म्हणाली.

त्याने लिहिला. तिथेच बसून, गुडघ्यावर पुठ्ठा ठेवून, ती सांगेल तसा, तिच्याच शब्दांत. हंड्यापासून ते खोपीपर्यंत. चार पानं झाली. वाचून दाखवलं. तुळसाने अंगठा उठवला, विठूनानाने खाली साक्ष म्हणून सही केली, आणि तो जबाब दोघांनी मंडळाकडे टपालाने धाडला.

उत्तर दीड महिन्याने आलं. विठूनाना ते घेऊन पाखाडीपाशी आला आणि उभ्या उभ्या वाचलं. 'संस्थेत सांप्रत स्त्रीवर्ग अस्तित्वात नसल्यामुळे सदर विषयाचा विचार करण्याचे प्रयोजन उरलेले नाही. कळावे.'

"म्हंजी बाया हुत्या तवा बाया खोट्या," तुळसा म्हणाली, "नि आता बाया नायत म्हणून इषय नाय."

"तसंच."

"आन शास्त्रीबोवा?"

"आहेत. त्यांचा सत्कार आहे येत्या एकादशीला. शाल देणार आहेत."

तुळसाने अळूच्या गड्ड्यांवर पाणी शिंपडलं. वर जायला आता कोणी बाई येणार नव्हती, त्यामुळे सांगण्यासारखंही काही राहिलं नव्हतं. तरी ती दिवाळीपर्यंत तिथे बसली, कारण खालच्या आळीतल्या बायकांना तिच्या आमसुलांची सवय झाली होती. त्यानंतर गुडघे दुखायला लागले, लांबचा रस्ता नको झाला, आणि तिने टोपली बाजारात हलवली. सावित्रीची खबर एकदाच कळली. दिराने तिला कुठल्याशा तीर्थक्षेत्राच्या गावी नेऊन सोडलं, एवढीच. कोणत्या, ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

अनंतशास्त्री त्यानंतर चार वर्षं जगले. देवळातल्या त्यांच्या पुराणाला शेवटपर्यंत दाटी असायची. पुढच्या रांगा बायकांच्या.